कापलेले श्वास

बोलायला बंदी असलेल्या दिवशी मावशी एकट्याच शहर पाहायला निघाल्या, यात तशी काही गंमत नव्हती. गंमत ही की त्या दिवशी शहरातल्या प्रत्येक बसमध्ये त्याच बोलत होत्या.

आता हे जरा नीट सांगायला हवे. मावशी बसच्या कचेरीत चौकशीच्या खिडकीवर होत्या. सगळे आयुष्य त्या एका चौकोनात गेले. ‘अमुक गाडी कुठे लागते’, ‘तमुक गाडी गेली का’, या प्रश्नांना त्या अशा उत्तरे द्यायच्या की गाडी चुकलेला माणूससुद्धा हसत परत जायचा. आवाजच तसा होता. घासलेल्या पितळेच्या भांड्यासारखा, स्वच्छ. मग केव्हातरी बसमध्ये थांब्यांची नावे बोलून दाखवणारे यंत्र बसवायचे ठरले, आणि साहेबांनी फार विचार न करता खिडकीकडे बोट दाखवले. तेव्हापासून गल्लीत त्यांचे नाव पडले थांबामावशी.

नावे ध्वनिमुद्रित झाली ती गाद्या ठोकलेल्या एका खोलीत. तिथला रेकॉर्डिंगवाला दाढीवाला, तुसडा आणि कामाला पक्का. त्याची पद्धत ठरलेली. प्रत्येक थांब्याचे नाव दोनदा घ्यायचे: एकदा थांबा यायचा असताना, सूर थोडा वर ठेवून, एकदा आल्यावर, सूर खाली टेकवून. आणि नाव घेऊन झाले की तोंड बाजूला फिरवून श्वास घ्यायचा.

“श्वास नावात मिसळू नका, बाई. मला कापायला जागा लागते.”

“इतका काय राग माझ्या श्वासावर?”

“उतरायच्या गडबडीतल्या माणसाला नाव हवं असतं. तुमचा दम कशाला ऐकवायचा त्याला?”

आणि खरोखरच तो टेपच्या फितीतून एकेक श्वास कात्रीने कापून काढायचा. तपकिरी तुकडे टेबलावर जमायचे. मावशींनी एकदा थट्टा केली, “एवढे माझे श्वास, द्या बांधून, घरी नेते.” तो हसला नाही. म्हणाला, “फेकत नाही मी. फेकवत नाहीत.” एवढे बोलून पुन्हा कात्रीला लागला.

तर अशी सगळ्या शहराची नावे मावशींनी घेतली. पण त्यातली निम्मीअधिक ठिकाणे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. घर आणि खिडकी, खिडकी आणि घर. सासूबाईंचे आजारपण, नणंदेची बाळंतपणे, नवऱ्याचे, म्हणजे काकांचे, चष्म्याचे दुकान. ‘जाऊ एकदा’ म्हणता म्हणता केस पांढरे झाले.

मग गळ्यात गाठ निघाली.

डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण सरळ बोलणारी. “गाठ काढायलाच हवी. आवाज राहील की जाईल, ते गाठ काढल्यावरच कळेल. तोवर एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजसुद्धा नाही, कुजबुजल्याने गळा उलट जास्त शिणतो.”

मावशींनी मान हलवली. पण आतून तुटल्या. बोलण्याचे जाऊ द्या, बाई बोलून बोलून तृप्त झाली होती. पण रोज पहाटे चूल पेटायच्या आधी त्या देवाला गाऊन हाक मारायच्या. लहानपणापासून एक दिवस चुकला नव्हता. ती हाक गेली तर सकाळ उगवायची कशी?

काकांनी नेहमीप्रमाणे विनोदाचा आडोसा घेतला. “चला, माझ्या कानांचं नशीब उघडलं!” असे म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. काचा स्वच्छच होत्या.

दाखल व्हायचे होते संध्याकाळी. त्या दिवशी सकाळी मावशींनी चपला घातल्या, पिशवी घेतली आणि हाताने गोल करून दाखवला: सगळीकडे.

“मी येतो बरोबर,” काका म्हणाले.

मावशींनी एकच बोट उभे केले. एकटी.

“आणि हरवलीस म्हणजे? ओरडणार कशी?”

मावशींनी रस्त्यावरून जाणाऱ्या बसकडे बोट दाखवले, आणि आपल्या गळ्याकडे. मी आहेच की तिथे! काका हसले. “बरं बाई. मी बॅग घेऊन दवाखान्याच्या फाटकाशी थांबतो. वेळेवर ये, नाहीतर माझ्याच गळ्याचं ऑपरेशन करून ठेवतील.”

पहिल्याच गाडीत कंडक्टरने विचारले, “कुठं जायचंय, मावशी?” त्यांनी पुन्हा हवेत गोल काढला. “सगळीकडे? मग दिवसभराचा पास घ्या. माझी बायको पण रागावली की असंच खुणांनी बोलते.” मावशी खांदे हलवून, बिनआवाजी हसल्या.

खिडकीची जागा मिळाली. ऊन कोवळे होते, दुकानांच्या फळ्या उघडत होत्या, कोणी ओट्यावर पाणी मारत होते. आणि छपरातल्या जाळीतून आवाज आला, “पुढचा थांबा, टपाल कचेरी.” लेकीला व्यासपीठावर बक्षीस घेताना पाहावे तशा मावशी सुखावल्या. आजूबाजूला कोणाला काही पत्ता नव्हता. शेजारची बाई तोंडात पिना धरून अंबाडा घालत होती.

‘तीन झाडं’ या थांब्यावर त्या उतरल्या. पाहतात तो झाडे दोनच. मावशींनी कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याला दोन झाडे दाखवली, मग तीन बोटे दाखवली, मग हात उताणे केले.

“तिसरं?” किल्लीवाला कानस थांबवून म्हणाला. “मी आलो तेव्हापासून दोनच आहेत. माणसं येतात, मोजतात आणि माझ्याशी भांडतात. जसं काही मीच विकून खाल्लं.”

मावशींना इतके हसू आले की गळा धरावा लागला.

काचेचा कारखाना या नावाचा त्यांनी किती दिमाखात उच्चार केला होता! आता तिथे काच नव्हती, कारखानाही नव्हता. एक लांबलचक दालन होते, आणि आत मावशींच्याच वयाच्या बायका पेटीच्या सुरावर घोळका करून नाचत होत्या. त्यातल्या एका जाड्या बाईने दारातल्या मावशींना पाहिले. “या की आत! फुकट बघायचं नाही हां.” मग काय विचारता! पिशवी खुंटीला लावून मावशी दोन फेऱ्या नाचल्या, घामाघूम झाल्या, आणि उगीच इतकी वर्षे खिडकीत बसलो असे त्यांना वाटले.

त्या आनंदातच त्यांनी पुढची गाडी पकडली. गाडी मोकळी होती. जाळी डोक्यावरच होती, म्हणून तर ऐकू आले.

नावाच्या आधी कोणीतरी श्वास घेतला.

“पुढचा थांबा, खालची वखार.”

मावशींची मान वर गेली. इतर कोणाच्या लक्षात येण्यासारखे ते नव्हतेच. बोलणारा माणूस श्वास घेतोच, त्यात काय नवल? पण मावशी त्या खोलीत बसलेल्या होत्या. एकेक श्वास कात्रीने जाताना त्यांनी पाहिला होता. या यंत्रात त्यांचा एकही श्वास असायला नको होता.

पुढच्या थांब्याला त्यांनी कान लावला. पुन्हा तेच. नाकातून आत ओढलेली, मध्येच जराशी अडखळणारी हवा. अगदी त्यांचीच.

मावशी काही भोळ्या नव्हत्या. त्यांनी सरळ विचार केला. नवी यंत्रे आली असतील. जुन्या आवाजावरून नवे बोलणे तयार करतात म्हणे हल्ली, मग श्वास घालायला कितीसा वेळ? एवढे मनाशी ठरवून त्या खिडकीबाहेर पाहू लागल्या. एक माणूस शिडीवर चढून दुकानाची पाटी रंगवत होता, आणि खाली उभी असलेली त्याची बायको प्रत्येक अक्षरावर नाक मुरडत होती. छान होते सगळे.

एका थांब्यावर एक आजीबाई काठी टेकत उतरू लागल्या. त्यांची कापडी पिशवी बाकावर तशीच राहिली. मावशी उठणार, तोच जाळीतून आवाज आला, “आजी, पिशवी राहिली तुमची.”

आजीबाई वळल्या. “अगोबाई, खरंच की!” त्यांनी पिशवी उचलली, छपराकडे पाहून “सुखात राहा गं पोरी” म्हणाल्या आणि उतरून गेल्या. गाडीत कोणाची पापणी हलली नाही. अंबाडे, वर्तमानपत्रे, डुलक्या, सगळे होते तसेच चालू राहिले.

मावशींनी शेजारच्या माणसाचा दंड हलवला, जाळी दाखवली, डोळे मोठे केले.

“ताई होय?” तो म्हणाला. “ती सांगते ना. फार लक्ष असतं तिचं. परवा मला डुलकी लागली होती तर माझ्या थांब्याला उठवलं.” आणि कौतुकाने पुढे म्हणाला, “माझ्या घरात मला कोणी असं उठवत नाही.”

मावशी परत बसल्या. एक गोष्ट आता त्यांच्या ध्यानात आली आणि त्या चाचपून पाहू लागल्या. गिळताना काटा लागायचा तो लागत नव्हता. कित्येक दिवसांनी गळा हलका वाटत होता. रिकामा, झाडून काढलेल्या खोलीसारखा. देवा, तुझी कृपा, त्या मनात म्हणाल्या.

शेवटचा थांबा जुना धक्का. नदी तिथे रुंद होती. होड्या पालथ्या घालून ठेवलेल्या, डांबराचा वास, पाण्यावर उन्हाचा चुरा. एक म्हातारा जाळे विणत बसला होता, त्याची मांजर त्याच्या सुतावर बसली होती आणि दोघेही एकमेकांशी अबोला धरून होते. मावशी पायऱ्यांवर टेकल्या. वारा अंगावर आला. मन असे भरून आले की ओठांवर पहाटेची हाक आली. पण डॉक्टरीणबाईंचा शब्द आठवला. ओठ मिटले आणि त्या मनातल्या मनात गाऊ लागल्या. देवाला काय, मनातलेही पोचते.

मागे रिकामी बस दारे उघडी टाकून उभी होती.

बसमधून गाणे आले.

तेच पद. तीच ओळ. मावशी मनात जिथे होत्या, नेमके तिथूनच. पुढे गेले तेही त्यांच्या बरोबरीने, ना मागे ना पुढे. मावशींची एक लहानपणची खोड होती: देवाच्या नावाच्या मधोमध त्या श्वास घ्यायच्या. आईने किती वेळा टोकले, “त्याचं नाव तोडू नकोस गं,” तरी ती गेली नाही. बसमधल्या आवाजाने नाव अर्ध्यावर घेतले, श्वास घेतला, आणि मग उरलेले नाव घेतले.

मावशींनी मनातले गाणे थांबवले.

गाणे थांबले नाही.

ड्रायव्हर धक्क्याच्या कठड्याला टेकून चहा पीत होता. “छान म्हणते ना? रिकाम्या गाडीतच म्हणते. गर्दीत लाजत असेल.” तो हसला, पण लगेच कपात पाहू लागला. “काहीतरी नवीन बसवलंय म्हणतात यंत्रात. आम्ही नाही विचारत. विचारायला गेलो आणि बंद केलं म्हणजे?” मग मावशींच्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाला, “तुम्हाला बरं नाही वाटत का? पाणी देऊ?”

मावशींनी मानेनेच नको म्हटले.

चालत जायचे तर दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला. त्याच गाडीत बसावे लागले. मागच्या बाकावर, जाळीपासून जमेल तेवढ्या लांब. ऊन कलले होते. कचेऱ्या सुटल्या होत्या, गाडी भरत गेली. आवाज खुशीत होता. कोणाला पायरी उंच आहे म्हणून सांगत होता, कोणाला सरकून बसायला. एकाला म्हणाला, “काय हो, आज पुन्हा छत्री विसरलात वाटतं,” आणि गाडीभर हशा पिकला. मावशींनाही हसू आले. त्यांनी हेच म्हटले असते.

मधल्या एका थांब्यावर एक वृद्ध गृहस्थ उतरले. दार मिटले. गाडी हलली. आणि मावशींना बाजूच्या काचेतून दिसले, त्या गृहस्थांच्या कोटाचा कोपरा दारात अडकला होता. ते गाडीबरोबर फरपटत पावले टाकत होते.

डॉक्टरांचा हुकूम गेला खड्ड्यात. मावशी उभ्या राहिल्या, छाती भरून घेतली आणि ओरडल्या, “अहो, थांबा! अडकलेत ते!”

त्यांच्या तोंडातून काहीच आले नाही. घरघर नाही. हवासुद्धा नाही.

“अहो, थांबा! अडकलेत ते!” जाळी ओरडली.

ब्रेक लागला. माणसे एकमेकांवर आदळली. दार उघडले, कोट सुटला, गृहस्थ धापा टाकत उभे राहिले. त्यांनी आत डोकावून जाळीला हात जोडले. “वाचवलंस गं पोरी.” सगळी गाडी टाळ्या वाजवू लागली.

मावशींनीही टाळी वाजवली. जीव वाचला होता. मग त्यांचा हात सावकाश गळ्याकडे गेला.

त्यांनी ओठ हलवले. अगदी हळू. मी इथे आहे.

“मी इथं आहे,” जाळी म्हणाली.

“माहितीये, ताई!” पुढून कोणीतरी ओरडले, आणि पुन्हा हशा.

मावशींनी ओठ घट्ट मिटले. वर पदर धरला.

“पुढचा थांबा, दवाखान्याचं फाटक,” आवाज म्हणाला. “ज्यांना उतरायचं त्यांनी पुढे या.”

काका फाटकाशी होते, हातात बॅग, चष्मा कपाळावर. “आलीस! मला वाटलं, गावभर फिरून नवराच बदललास.” मावशींनी त्यांचा हात धरला तो सोडलाच नाही.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना खुर्चीत बसवले, दिवा लावला, घशात आरसा घातला. बराच वेळ पाहिले. आरसा बदलला. पुन्हा पाहिले.

“गाठ नाही,” त्या म्हणाल्या.

काका उठून उभे राहिले. “नाही म्हणजे?”

“म्हणजे नाही. परवा मी स्वतः पाहिली होती.” त्यांनी दिवा बंद केला, मग पुन्हा लावला. “इतका स्वच्छ गळा मी मोठ्या माणसाचा पाहिला नाही. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचा असतो असा. रडायच्याही आधीचा. कधी वापरलेलाच नसावा असा.” मग हसून म्हणाल्या, “ऑपरेशन कसलं करू आता? बोला बघू, मावशी. आता मी परवानगी देते.”

मावशींनी तोंड उघडले.

खोलीत पंख्याचा आवाज होता.

“भीती बसते कधीकधी,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “येईल. घरी जा, आराम करा.”

काकांचा आनंद मावेना. वाटेत त्यांनी पहारेकऱ्याला सांगितले, फुलवालीला सांगितले, एका अनोळखी रुग्णाला सांगितले. “देवाने ऐकलं! रोज हाक मारायची ना ही!” घराकडे जाणाऱ्या बसमध्ये मावशींना खिडकी दिली, स्वतः शेजारी बसले, बॅग मांडीवर घेतली. बाहेर संधिप्रकाश होता, दुकानांचे दिवे एकामागून एक लागत होते. शहर आज किती सुंदर दिसत होते!

“अहो,” छपरातून आवाज आला. “दमलात का?”

काकांनी मान वर केली. त्यांचा चेहरा उजळला.

“दमतोय कसला! तू सांग, कसा गेला तुझा दिवस?”

“काय सांगू!” आवाज म्हणाला, आणि सांगू लागला. उन्हाचे सांगितले, पाण्याचे सांगितले, रुसलेल्या मांजरीचे तर असे रंगवून सांगितले की काका मांडीवर थाप मारून हसले. “मग?” ते विचारत होते. “मग गं?”

मावशींनी त्यांची बाही ओढली. मग जोराने ओढली.

काकांनी वळून पाहिले. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि नीट पाहिले. मग बॅग मांडीवरून पायाशी ठेवली, सौजन्याने जरा पलीकडे सरकले आणि म्हणाले, “बसा ना, बाई. ऐसपैस बसा. जागा आहे.”